कोचीनला जाताय? मग हे वाचून जावा

मागच्या महिन्यात जाता जाता लिहिलं होतं की आम्ही टिळकवाडीच्या चौघी मैत्रिणी कोचीनला जाऊन आलो, तर त्यावर एवढे प्रश्न आले की म्हटलं या वेळी दुसरं काही नको, सगळं कोचीनच घेऊया. सारखे प्रश्न एकत्र केलेत, कुणाचा राहिला असेल तर रागवू नका.

प्रश्न (वडगाव, बेळगाव): समुद्र आणि बंदरच बघायचं तर चोर्ला घाटातून उतरलं की गोवा, सकाळी जाऊन रात्री परत. एवढ्या लांब कोचीनला कशाला? घरात सध्या हाच वाद चाललाय.

उत्तर: वाद रास्त आहे हो. नुसतं वाळूत बसायचं, पाय भिजवायचे, मासे खायचे आणि परत यायचं एवढंच असेल तर गोव्यालाच जावा. फोर्ट कोची म्हणजे कोचीनचा जुना भाग, तिथला किनारा पोहायचा नव्हेच, दगड आहेत, शिवाय खाडीतून वाहत आलेली जलपर्णी पडलेली असते. पण कोचीनमध्ये बंदर कुठं गावाबाहेर कुंपणात नाही, ते गावाच्या मधोमध आहे. किनाऱ्यावर कागदी कपात चहा घेऊन उभं राहिलं की समोरून एखादी अख्खी अपार्टमेंट सरकत जावी तसं कंटेनरचं जहाज जातं, आणि ते इतकं जवळून जातं की आमच्यातली एकजण चहा हातात तसाच धरून बघत राहिली, गार झाला तरी लक्ष नाही.

आणि गोव्याचा धागा तिथंही आहेच. लोंढ्याहून गाडीत बसून आपण ज्या वास्को द गामा स्टेशनला उतरतो, तो वास्को वारला कोचीनमध्ये, १५२४ साली, ख्रिसमसच्या आदल्या दिवशी. तिथल्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये त्याला पुरलं, पुढं अवशेष पोर्तुगालला नेले, पण थडग्याचा दगड अजून आहे आणि सगळे त्याचाच फोटो काढतात. तुम्ही मान वर करून पंखे बघा. लांबलचक कापडी पंखे टांगलेत आणि त्यांच्या दोऱ्या भिंतीतून बाहेर काढल्यात, म्हणजे बाहेर उन्हात एक माणूस दोरी ओढत बसायचा आणि आत साहेबाला वारा. मला तर वास्कोपेक्षा त्या दोरीवाल्याचंच जास्त वाटलं.

प्रश्न (खानापूर): तीन दिवसांची सुट्टी आहे, बरोबर आई-बाबा, आईचे गुडघे दुखतात. कसं जायचं, आणि त्यातच मुन्नार-अलेप्पी पण उरकून घ्यावं का?

उत्तर: उरकू नका. तीन दिवसांत मुन्नार-अलेप्पी घातलं तर आईचे गुडघे गाडीत बसूनच जास्त दुखतील आणि कोचीन म्हणजे फक्त एक जेवण आणि एक सेल्फी एवढंच उरेल. तीन दिवस कोचीनलाच द्या.

जायला पुणे-एर्नाकुलम पूर्णा एक्सप्रेस (एर्नाकुलम म्हणजे कोचीनच) आपल्या बेळगाववरून जाते, आठवड्यातून एकदाच, त्यामुळे तिकीट आधी आणि सुट्टीचा अर्ज नंतर. कॅसलरॉकनंतर घाट आणि दूधसागर फुकटात बघायला मिळतो. ती गाडी जमली नाही तर बसने मडगाव गाठा, तिथून कोकण रेल्वेच्या बऱ्याच गाड्या मिळतात.

आता गुडघ्यांचं. कोचीनला एप्रिल २०२३ पासून वॉटर मेट्रो सुरू आहे, आपल्या देशातली पहिली. बोटी बॅटरीवर चालणाऱ्या, एसी, आणि मुख्य म्हणजे धक्का पाण्यावर तरंगता ठेवलाय, भरती असो ओहोटी असो, तो बोटीच्या बरोबरीनं वरखाली होतो, त्यामुळे आईंना पायरी न चढता सरळ चालत आत जाता येतं. हायकोर्ट जेट्टीवरून फोर्ट कोची आणि वायपीन बेट, दोन्हीकडे बोट आहे. या बोटी तिथल्याच कोचीन शिपयार्डनं बांधल्यात, ज्यांनी विक्रांत युद्धनौका बांधली तेच हे, ती २०२२ मध्ये नौदलात आली. पण एकदा तरी साध्या सरकारी बोटीतनं पण जावा, तिकीट चहापेक्षा स्वस्त, इंजिनाचा धडधड आवाज, शेजारी शाळेची पोरं आणि मासळीवाल्या बायका, आणि मधे विलिंग्डन बेट लागतं. हे बेट कुणा देवानं केलेलं नाही, रॉबर्ट ब्रिस्टो नावाच्या इंग्रज इंजिनियरनं बंदर खोल करायला जो गाळ उपसला त्याची भर घालून उभं केलेलं आहे. गाळाचं काय करायचं हा प्रश्न आपल्याकडे तळ्यांना पण पडतो, तिथं त्याच्यावर अख्खं बंदर बसलंय.

एक माझी चूक सांगते म्हणजे तुम्ही करणार नाही. आम्ही मट्टनचेरी, म्हणजे राजवाडा आणि ज्यू टाऊनचा जुना भाग, ठेवला शुक्रवारी, उन्हातनं चालत राजवाड्यापाशी गेलो तर दाराला कुलूप, शुक्रवारी बंद असतो म्हणे. म्हटलं ठीक आहे, उद्या येऊ आणि सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, पण करू, तर शनिवारी ज्यूंचा सुट्टीचा वार, सिनेगॉग बंद! वाचून न जाता तोंड वर करून गेलं की असं होतं. राजवाडा शनिवारी बघितला, पोर्तुगीजांनी बांधून राजाला भेट दिलेला पण नाव डच पॅलेस, कारण पुढं डचांनी दुरुस्त केला. आत भिंतभर रामायण रंगवलंय, आई-बाबांना तिथं खुर्ची मिळाली तर तासभर हलणार नाहीत. सिनेगॉग १५६८ चं आहे, खाली चीनहून आणलेल्या हातानं रंगवलेल्या निळ्या फरशा आहेत, ते आम्हाला शेवटी रविवारी गाडीच्या आधी पळत पळत बघावं लागलं.

प्रश्न (निपाणी): ती चिनी जाळी खरंच मासे पकडायला आहेत की फक्त फोटोला?

उत्तर: दोन्ही. मासे पूर्वीसारखे मिळत नाहीत असं तिथले लोकच सांगतात, पण जाळं रोज पाण्यात जातं. सकाळी लवकर जाऊन एका जाळ्यापाशी अर्धा तास उभं रहा. लाकडाचा मोठा सांगाडा, एका टोकाला जाळं, दुसऱ्या टोकाला दोरांना टांगलेले मोठमोठे धोंडे, बागेतल्या सीसॉसारखं सगळं वजनावर तोललेलं. एक माणूस मधल्या ओंडक्यावरून पाण्याच्या दिशेनं नुसता चालत जातो, त्याच्या वजनानं जाळं खाली बसतं. थोडा वेळ थांबायचं, मग चार-पाच जण मिळून दोर ओढतात, ते धोंडे एकेक करून जमिनीला टेकतात आणि जाळं वर येतं. आम्ही बघितलं तेव्हा त्यात मूठभर बारकी मासळी आणि एक प्लॅस्टिकची पिशवी. त्यातल्या एकानं आम्हाला पण दोर ओढायला बोलावलं, ओढला, नंतर पैसे मागितले, दिले. फुकट ओढायला आपण काय त्यांचे पाहुणे थोडेच.

प्रश्न (शहापूर, बेळगाव): तिथले सण बघायचे आहेत. ओणमला जावं की थर्टी फर्स्टला?

उत्तर: ओणम येतो श्रावण-भाद्रपदाच्या आसपास, म्हणजे आपला गणपती तोंडावर किंवा घरात बसलेला, आणि बेळगावचा माणूस गणपतीत गाव सोडणार हे काही मला खरं वाटत नाही. पण त्या वर्षी तारखा जमल्या तर जरूर जावा, कारण ओणम म्हणजे बळीराजा वर्षातनं एकदा आपल्या प्रजेला भेटायला येतो तो सण. दिवाळीच्या पाडव्याला आपल्या आज्या ओवाळताना इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो म्हणतात ना, तोच बळी. आपण राज्य येवो म्हणून थांबतो, ते लोक त्याच्यासाठी दहा दिवस दारात फुलांची रांगोळी घालतात. शहराच्या कडेला त्रिक्काकरा म्हणून ठिकाण आहे तिथं वामनाचं देऊळ, ज्यानं बळीला पाताळात घातलं त्याचं, आणि ओणम तिथंच सगळ्यात जोरात. हे कोडं मला अजून सुटलेलं नाही, पण आवडलं. पहिल्या दिवशी त्रिपुनितुरा गावात अत्तच्चमयम् मिरवणूक निघते, पूर्वी राजा निघायचा, आता सोंगं, ढोल, वाघ बनून नाचणारी माणसं, चित्ररथ. आपल्या शिवजयंतीचे चित्ररथ बघून मोठं झालेल्या माणसाला ती गर्दी परकी वाटणार नाही.

थर्टी फर्स्टचं तर विचारूच नका. डिसेंबरच्या शेवटी फोर्ट कोचीला कार्निव्हल असतो आणि बारा वाजता पाप्पांजी नावाचा मोठा थोरला म्हातारा जाळतात, सूटबूट, दाढी, पोटात पेंढा. आता मला सांगा, आपल्या कॅम्पात पोरं थर्टी फर्स्टला काय जाळतात? ओल्ड मॅनच की! लहानपणी मला वाटायचं हे फक्त बेळगावातच असतं. तिथं तो म्हातारा दोन-तीन मजले उंच असतो एवढाच फरक, आणि गर्दी मात्र अशी की लहान मुलं, वयस्कर माणसं घेऊन त्या रात्री जाऊ नका, परतीच्या बोटीला, बसला मरणाच्या रांगा असतात. एक तारखेची मिरवणूक दिवसा असते, ती सगळ्यांनी बघण्यासारखी.

प्रश्न (चिकोडी): सासूबाई माळकरी आहेत. जेवणाचं कसं होणार?

उत्तर: सासूबाईंची चिंता करू नका, चिंता तुमच्या मिस्टरांची करा, त्यांना तिखट कमी लागेल. सद्या म्हणजे केळीच्या पानावरचं शाकाहारी जेवण, त्यातलं पायसम तर सासूबाई दोनदा मागतील. फोडणीला खोबरेल तेल असतं, पहिल्या घासाला डोक्याला लावायच्या तेलाचा वास आल्यासारखं होतं, तिसऱ्या घासाला काही वाटत नाही. भात मागताना मात्र सांगा, नाहीतर जाड लाल मट्टा भात येतो. सकाळी इडली-डोसा कुठंही. देवळात जायचं असेल तर पुरुषांना बऱ्याच ठिकाणी शर्ट काढून आत सोडतात, गंजी पण नाही, तेवढी मनाची तयारी ठेवा.

प्रश्न (जांबोटी): मल्याळम येत नाही, भाषेची अडचण होईल?

उत्तर: घरात मराठी, बाजारात कन्नड, बसमध्ये हिंदी अशी सवय असलेल्या माणसाला कसली अडचण! शिवाय मट्टनचेरीत चेर्लाई भागात कोकणी बोलणारी घरं आहेत, पोर्तुगीजांच्या काळात गोवा सोडून आलेल्यांची. डचांनी १६७८ पासून मलबारच्या झाडपाल्यावर बारा खंडांचा हॉर्टस मलबारिकस नावाचा ग्रंथ काढला, त्यात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांचं प्रमाणपत्र नागरी लिपीत छापलंय. तिथल्या एका किराणा दुकानात मी मालवणीचा आव आणून नारळाचा भाव विचारला, दुकानदार हसला आणि कोकणीत उत्तर दिलं. भाव काही कमी केला नाही.

प्रश्न (कणकुंबी): येताना मसाले आणावेत का? ज्यू टाऊनला स्वस्त मिळतात म्हणे.

उत्तर: गल्लीत शिरताच आल्या-लवंगाचा वास नाकात बसतो, तो फुकट घ्या. मिरी आणू नका, तुमच्याच बागेत सुपारीवर चढलेली असते आणि दर ऐकून तुम्हाला राग येईल. वेलची थोडी घ्या, वास घेऊन, पाकीटबंद नको. आणि खोबरेल तेलात तळलेले केळ्याचे वेफर्स डोळ्यांसमोर तळून देतात ते घ्या, दोन किलो घ्या, एक किलो लोंढा यायच्या आतच संपतात.