ब्रिस्बेनला जाताय ना, मग तापमान नाही, यूव्ही बघायची सवय लावा

तुम्ही विचारलंय की जानेवारीत ब्रिस्बेनला शिफ्ट होतोय, मुलगी ६ वर्षांची आहे, तिकडे सनस्क्रीनचा एवढा बाऊ का करतात, आपण तर उन्हातच वाढलेली सावळी माणसं. मी ११ वर्षं मेलबर्नमध्ये आहे आणि आले तेव्हा अगदी हेच म्हणायचे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ऊन तापतंय किती आणि भाजतंय किती ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळायला मला एक अख्खी दुपार आणि दोन कान खर्ची घालावे लागले. नोव्हेंबरात ऑफिसची क्रिकेट मॅच, ढगाळ हवा, जेमतेम २० डिग्री, डोक्यावर कॅप, मी आपली मजेत बसले. रात्री कानाला हात लावू देईना आणि मान आठवडाभर सोलत होती. कॅपने कान-मान झाकतच नाही हो. म्हणून तर इथे बऱ्याच शाळांत कॅप चालत नाही, चहूबाजूंनी काठ असलेली हॅट लागते, ती विसरली की पोरांना सावलीत बसवतात, 'नो हॅट, नो प्ले'. मुलीच्या हॅटवर नाव घालाच, पहिल्याच आठवड्यात हरवणार.

हवामानाच्या अ‍ॅपमध्ये यूव्ही इंडेक्स दिसतो, म्हणजे त्वचा भाजणारे अतिनील किरण किती तीव्र आहेत त्याचा आकडा, तो ३ झाला की झाकून घ्यायचं. आम्हाला मेलबर्नला जून-जुलैच्या थंडीत तरी सुट्टी मिळते, ब्रिस्बेनला थंडीतही दुपारचा इंडेक्स ३ च्या वर जातो, आणि जानेवारीत ११ च्या वर म्हणजे रोजचंच.

सनस्क्रीन तिकडून बॅगा भरून आणू नका, इथे सुपरमार्केटमध्ये पंपाच्या मोठ्या बाटल्या मिळतात, एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) ५०+ बघून घ्या. आपण वाटाण्याएवढं बोटावर घेतो आणि चेहरा उरकतो, तसं नाही. प्रत्येक हाताला, प्रत्येक पायाला, पोट-छातीला, पाठीला एकेक चहाचा चमचा आणि चेहरा-मान-कान मिळून एक, झाले ७ चमचे, तेही निघायच्या २० मिनिटं आधी आणि मग दर २ तासांनी. बाटली गाडीत ठेवू नका, उष्णतेने खराब होते. आणि क्रीम हा काही पहिला उपाय नाही. त्वचेच्या कॅन्सरपासून जपा सांगणारी इथली १९८१ ची सीगल पक्ष्याची जाहिरात, 'स्लिप, स्लॉप, स्लॅप', त्यातसुद्धा आधी शर्ट चढवा, मग क्रीम फासा, मग हॅट. सावली आणि गॉगल नंतर, २००७ मध्ये जोडले. पोहायला मुलीला लांब बाह्यांची रॅशी, म्हणजे पोहायचा शर्ट, घ्या, पाठीवर क्रीम चोळायचं भांडण वाचतं.

आता सावळ्या रंगाचं. त्वचेतल्या मेलॅनिन ह्या रंगद्रव्यामुळे आपल्याला त्वचेच्या कॅन्सरचा धोका गोऱ्यांपेक्षा बराच कमी, हे तुमचं बरोबर आहे. पण मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा एक घातक कॅन्सर, आपल्या लोकांत होतो तेव्हा बरेचदा तळपाय, तळहात नाहीतर नखाखाली, जिथे उन्हाचा फारसा संबंधच नसतो आणि कोणी बघतही नाही, म्हणून उशिरा सापडतो. बॉब मार्लेला पायाच्या अंगठ्याच्या नखाखालीच झाला होता. मी पहिल्यांदा स्किन चेकला गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले मोजे काढा, मला वाटलं चुकून म्हणाले, तर त्यांनी बोटांच्या बेचक्यासुद्धा उघडून बघितल्या. बदलत जाणारा तीळ, नखात नव्याने उमटलेली काळी रेघ, बरी न होणारी जखम, ह्यातलं काही दिसलं तर थांबू नका, दाखवा.

उलट बाजूही आहे, आपल्या रंगाला व्हिटॅमिन डी बनवायला ऊन जास्त लागतं, त्यात दिवसभर ऑफिसात. स्किन चेकसाठी जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, जाल तेव्हाच विचारून घ्या रक्त तपासायचं का, माझं कमी निघालं होतं.