हर्क्युलिसवर डेबियन टाकताना टाइप केलेलं इन्स्टॉलरपर्यंत पोहोचत का नाही?

तुमची अडचण मला कळली ती अशी: लॅपटॉपवर हर्क्युलिस (आयबीएम मेनफ्रेमची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, म्हणजे एम्युलेटर) चालतोय, डेबियन लिनक्सचा एस३९०एक्स, म्हणजे ६४ बिट मेनफ्रेमसाठीचा, इन्स्टॉलर आयपीएल (मेनफ्रेमच्या भाषेत बूट) होतो, पहिला प्रश्नही दिसतो, पण उत्तर टाइप केलं की हर्क्युलिस ते स्वतःची कमांड समजून नाकारतो. शिवाय हे जमलं तर पुढे झेड/ओएस, म्हणजे आयबीएमची मेनफ्रेमवरची ऑपरेटिंग सिस्टिम, टाकता येईल का, असंही विचारलंय.

पहिल्याचं उत्तर एका टिंबात आहे. उत्तराच्या आधी टिंब द्या: १ पाठवायचा असेल तर टिंब आणि लगेच १. हर्क्युलिसच्या खिडकीत जे टाइप होतं ते मशीनच्या ऑपरेटरचं बोलणं मानलं जातं. टिंबाने सुरू होणारी ओळ मात्र आत चाललेल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कन्सोलकडे जाते. लॉगिनच्या वेळीही तेच, टिंब आणि मग रूट.

या कन्सोलवर एका वेळी एक पूर्ण ओळच जाते. बाणाच्या कळा, टॅब, मेन्यू यातलं काही नाही, व्हीआयसारखा पूर्ण पडद्याचा एडिटर तर विसराच. म्हणूनच डेबियनचा इन्स्टॉलर इथे क्रमांक टाकायला लावतो आणि नेटवर्क लागेपर्यंतच तुम्हाला अडकवून ठेवतो. नेटवर्क लागलं की तो एक तात्पुरता पासवर्ड ठरवून घेतो. मग तुम्ही होस्टवरून, म्हणजे तुमच्या लॅपटॉपवरून, एसएसएचने 'इन्स्टॉलर' या नावाने आत शिरायचं. तिथून पुढे नेहमीचे निळे पडदे, नेहमीचे प्रश्न.

म्हणजे खरी लढाई नेटवर्कची. बहुतेक जण इथेच वैतागून सोडून देतात. सगळ्यात सोपा मार्ग सीटीसीचा, म्हणजे चॅनेल-टू-चॅनेल जोडणीचा. हर्क्युलिसच्या कॉन्फिग फाइलमध्ये ०ए०० आणि ०ए०१ अशी उपकरण-क्रमांकांची जोडी सीटीसीआय म्हणून द्या, एक वाचायला आणि एक लिहायला. त्यापुढे दोन आयपी पत्ते येतात, आधी पाहुण्या (हर्क्युलिसच्या आत चालणाऱ्या) लिनक्सचा, मग होस्टचा. समजा १०.१.१.२ आणि १०.१.१.१. ही दोन टोकांमधली थेट जोडणी आहे, इथरनेट नाही, त्यामुळे डीएचसीपीची वाट बघत बसू नका. इन्स्टॉलरने पॉइंट-टू-पॉइंट पत्ता विचारला की होस्टचा द्यायचा, गेटवेही तोच. एवढं करून पिंग होस्टपर्यंत पोहोचतं पण पॅकेजेस उतरत नाहीत, असं दिसलं तर दोष मेनफ्रेमचा नाही. पाहुण्याची रहदारी पुढे इंटरनेटवर सोडणारं आयपी फॉरवर्डिंग आणि मास्करेड होस्टवर चालू करायचं राहिलेलं असतं. टन (TUN) हा आभासी नेटवर्क इंटरफेस उघडायला हर्क्युलिसला रूटचे अधिकार लागतात, तेही तपासा.

डिस्कबद्दल. जुन्या मार्गदर्शिका ३३९०-३ या मेनफ्रेम डिस्क-मॉडेलची डिस्क बनवायला सांगतात. ३,३३९ सिलिंडर, प्रत्येकी १५ ट्रॅक, ट्रॅकला ५६,६६४ बाइट, म्हणजे कागदावर २.८ जीबी. पण लिनक्स ती ४०९६ बाइटच्या ब्लॉकमध्ये फॉरमॅट करतं, तसे ब्लॉक एका ट्रॅकवर १२च बसतात, आणि हाती जेमतेम २.५ जीबी उरतात. सरळ ३३९०-९ घ्या, ती तिप्पट मोठी आहे. डिस्क बनवणारं हर्क्युलिसचं साधन डीएएसडीइनिट चालवताना 'लिनक्स' हा पर्याय दिला तर रिकामे ट्रॅक आधीच फॉरमॅट केल्यासारखे दिसतात, आणि एम्युलेटरमधलं ते कंटाळवाणं फॉरमॅटिंग वाचतं. आणखी एक, या डिस्कवर तीनच पार्टिशन होतात. रूट, स्वॅप आणि हवं तर होम, यापेक्षा जास्त बेत आखू नका.

कॉन्फिगमध्ये आर्किटेक्चर झेड/आर्क, म्हणजे ६४ बिटचं, ठेवा. ईएसए/३९० ठेवायला सांगणारे लेख ३१ बिटच्या जुन्या पोर्टसाठी (मेनफ्रेमसाठीच्या डेबियनच्या जुन्या रूपासाठी) होते. डेबियन ७ मध्ये, २०१३ साली, ६४ बिटचा एस३९०एक्स आला आणि पुढच्याच आवृत्तीत जुना पोर्ट गेला. आयपीएल केल्या केल्या 'डिसेबल्ड वेट' येऊन सगळं थांबलं, तर कर्नल ज्या पिढीच्या प्रोसेसरसाठी बांधलाय त्या पिढीच्या सूचना (इन्स्ट्रक्शन्स) तुमच्या हर्क्युलिसला येत नसण्याची शक्यता मोठी. उदाहरणार्थ, उबुंटूला २०.०४ पासून किमान झेड१३ या पिढीचा प्रोसेसर लागतो. अशा वेळी हर्क्युलिसची नवी हायपेरियन आवृत्ती घ्या, किंवा एखादी जुनी डेबियन.

सॉफ्टवेअर निवडताना एसएसएच सर्व्हरवर खूण करायला विसरू नका, नाहीतर रीबूटनंतर पुन्हा टिंबांचा संसार. बूटलोडर इथे ग्रब नसून झिपल असतो. इन्स्टॉल संपलं की डिस्कच्या क्रमांकावर आयपीएल करा, म्हणजे डिस्क १२० वर असेल तर आयपीएल १२०. आणि वेळ काढून बसा, कारण प्रत्येक सूचना सॉफ्टवेअरमध्ये वठवली जाते. पॅकेजेस उलगडण्यातच तासन् तास जातात.

फक्त बिग-एंडियन (आकड्यातला मोठा बाइट आधी ठेवणाऱ्या) मशीनवर आपला प्रोग्राम चालतो का एवढंच बघायचं असेल, तर माझ्या मते हा खटाटोप करूच नका. क्यूईएमयू या दुसऱ्या एम्युलेटरच्या एस३९०एक्सला कर्नल आणि इनिटआरडी (बूटची सुरुवातीची फाइल) थेट देता येतात, डिस्क आणि नेटवर्क व्हर्टआयओचं, म्हणजे आभासी मशीनसाठीच बनवलेलं, असतं, फॉरमॅटिंग नाही, टिंबं नाहीत. हर्क्युलिस घ्यायचा तो चॅनेल, सिलिंडर, ऑपरेटर कन्सोल हे सगळं हाताळून बघायचं असेल तरच.

झेड/ओएसचं म्हणाल तर तांत्रिकदृष्ट्या ते हर्क्युलिसवर चालतं, पण आयबीएमच्या परवान्याशिवाय ते चालवणं बेकायदेशीर आहे. इंटरनेटवर फिरणाऱ्या डिस्क-प्रतींच्या नादी लागू नका. त्या वळणाचं काही शिकायचंच असेल तर झेड/ओएसचं जुनं पूर्वरूप एमव्हीएस ३.८जे मोफत आणि उघडपणे मिळतं, टीके५ या नावाने तयार बांधलेलंही आहे. जेसीएल (कामं सोपवायची भाषा), टीएसओ (टर्मिनलवरून काम करायची सोय), ३२७० टर्मिनल सगळं त्यात आहे, फक्त आर्किटेक्चर एस/३७० असल्यामुळे त्यासाठी वेगळी कॉन्फिग फाइल ठेवा.