प्रतिसाद: प्राथमिक शिक्षकांच्या विज्ञान प्रशिक्षणात किती प्रयोग घ्यावेत?

मॅडम, 'दोन दिवसांत चाळीस शिक्षकांना जास्तीत जास्त किती प्रयोग दाखवता येतील' हे तुमचं वाचून राहवलं नाही. सुलभक, म्हणजे शिक्षकांना प्रशिक्षण देणारा, म्हणून पहिल्यांदा गेलो तेव्हा मीही हेच मोजत बसलो होतो. एका दिवसात अकरा प्रयोग दाखवले, एकही फसला नाही. शिक्षक मोबाईलवर व्हिडिओ काढत होते. तीन महिन्यांनी शाळाभेटी केल्या, तर आठपैकी एकाही शाळेत त्यातलं काही झालेलं नव्हतं. कसं होणार? हात फक्त माझे चालले होते.

पुढच्या वेळी दोघांत मिळून एक सेल, एक टॉर्चचा बल्ब आणि वीतभर वायर एवढंच दिलं. म्हटलं, पेटवा. वीस मिनिटं गेली. कुणी वायरची दोन्ही टोकं सेललाच लावली, वायर तापली. कुणी बल्बचं बूड सेलवर टेकवलं, पण बल्बच्या पत्र्याच्या कडेला वायर लावायचं सुचेना. कित्येक वर्षं फळ्यावर परिपथ काढणाऱ्या एक बाई बल्ब लागल्यावर म्हणाल्या, "आकृतीत दोन वायरी असतात हो!" त्यांनी आठवड्याभरात हे वर्गात घेतलं. (वायरची टोकं आधीच सोलून न्या, नाहीतर ब्लेड शोधण्यात वेळ जातो.)

साहित्यपेटीचं मात्र आधी बघा. आमच्याकडे वरून आलेली पेटी जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या यादीत, चढली. परीक्षानळी फुटली की निर्लेखनाची (वस्तू नोंदीतून रीतसर काढून टाकण्याची) कटकट आणि वसुलीची भीती, म्हणून पेटी कपाटात कुलूपबंद. काचसामान वापरून संपणाऱ्या वस्तूंत धरा, असं एका कार्यालयाला तीनदा लेखी दिलं. उत्तर नाही. प्रशिक्षणाचे फोटो मात्र त्याच संध्याकाळी हवे असायचे! अख्खं वर्ष गेलं त्यात, राग अजून आहे. तेव्हापासून मी सेल, फुगे, स्ट्रॉ, बाटल्या असं बाजारातलंच सामान नेतो.

माझा अनुभव एका तालुक्याचा, तुमच्याकडे वेगळं असू शकेल. पण १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १६ शाळांपासून सुरू झालेल्या विज्ञान कार्यक्रमातही शिक्षक आधी स्वतः गटात बसून प्रयोग करायचे आणि मासिक बैठकीत अडचणी मांडायचे. तुम्हीही दोन दिवसांत चारच प्रयोग घ्या, आणि शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या बैठकीत, दर महिन्याला तासभर मागून घ्या. त्यात वर्गात काय फसलं तेवढंच विचारा.