एफडी मोडून शेड वाढवावी का? रक्ती हगवणीनंतरचा हिशेब

घणसोली गावठाणातल्या एका ताईंनी विचारलं आहे: जुलैत गिरिराज जातीच्या कोंबडीची 100 एकदिवसीय पिल्लं 40 रुपयांना एक अशी आणली. पाचव्या आठवड्यापर्यंत रक्ती हगवणीने 34 गेली. पशुवैद्यकांनी कॉक्सिडिओसिस असल्याचं सांगितलं. ओळखीतले एकजण म्हणतात, शीळच्या बाजूला जागा घेऊन 300 पक्ष्यांची शेड टाका, अर्धं अनुदान सरकार देतं. त्यासाठी यजमानांच्या निवृत्तीच्या पैशातली 2 लाखांची एफडी मोडावी का?

ताई, एफडीला हात लावू नका. निदान या पावसाळ्यात तरी नाही.

आधी नुकसान मोजू. पिल्लाचे 40 आणि तोवर खाल्लेल्या खाद्याचे साधारण 30, म्हणजे एका पिल्लामागे 70 रुपये. 34 पिल्लांचे 2,380. हा भार उरलेल्या 66 वर पडला, म्हणजे प्रत्येकी 36 रुपये. शिवाय आजारातून उठलेलं पिल्लू वजनाला मागे राहतं आणि जास्त दिवस खातं. आता हीच मर 300 पक्ष्यांत धरा: 102 पिल्लं, 7,140 रुपये, तेही एका खेपेत. शेड मोठी केल्याने मर कमी होत नाही, कारण तिचं मूळ पिल्लांखाली अंथरलेल्या ओल्या तुसात आहे.

हा रोग आयमेरिया नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे होतो. आजारी पिल्लाच्या विष्ठेतून त्याची अंडी बाहेर पडतात. ऊब आणि ओल मिळाली की एक-दोन दिवसांत ती दुसऱ्या पिल्लाला बाधण्याजोगी होतात. तीन ते सहा आठवड्यांची पिल्लं सगळ्यात नाजूक. तुमची पिल्लं नेमकी त्या वयात आली तेव्हा ठाण्या-नवी मुंबईत पाऊस धो धो कोसळत होता. ही अंडी जमिनीत महिनोनमहिने टिकतात आणि साध्या फिनाईलला दाद देत नाहीत.

पाण्याच्या भांड्याभोवतीचा मूठभर तूस हातात घेऊन दाबा. मूठ उघडल्यावर त्याचा लाडू तसाच राहिला तर तो ओला आहे, आजच काढून टाका. भुगा होऊन सुटला तर ठीक. भांडं पिल्लांच्या पाठीच्या उंचीला टांगा, तूस रोज खालीवर करा, पावसाची झड येते त्या बाजूला ताडपत्री लावा. नवी खेप आणण्याआधी जुना तूस पूर्ण काढा आणि जमीन उकळत्या पाण्याने धुऊन कडक वाळवा. तुमच्या मापाच्या खुराड्याला हे सगळं 7-8 हजारांत बसावं. माझ्या मते तुमच्या पैशाची सगळ्यात चांगली गुंतवणूक आज हीच.

औषधाचा खर्च तर काही शे रुपयांचा. अँप्रोलियमची 20 टक्क्यांची पावडर पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1.2 ग्रॅम, तीन ते पाच दिवस, मग एक-दोन आठवडे 0.3 ग्रॅम, असं प्रमाण सहसा असतं. पाकिटावरची टक्केवारी दाखवून तुमच्या पशुवैद्यकांकडून ते पक्कं करून घ्या. पाणी रोज ताजं कालवा आणि दुसरं पाणी ठेवू नका. एक चूक घरोघरी होते: पिल्लं मलूल दिसली की बी-कॉम्प्लेक्सचं टॉनिक पाजतात. अँप्रोलियम परजीवीला बी-1 जीवनसत्त्व मिळू देत नाही, त्यावरच ते चालतं. टॉनिकने औषधावर पाणी फिरतं. टॉनिक कोर्स संपल्यावर द्या.

अनुदानाचं बोलणं तर फारच जपून ऐका. राष्ट्रीय पशुधन अभियानात 50 टक्के भांडवली अनुदान आहे, 25 लाखांपर्यंत. पण ते किमान 1,000 पैदाशीचे पक्षी, उबवणी आणि पिल्लं वाढवण्याच्या प्रकल्पासाठी. 300 पक्ष्यांची शेड त्यात बसत नाही. भरपाईवरही विसंबू नका. 2022 च्या फेब्रुवारीत शहापूरच्या वेहळोलीत बर्ड फ्लू आला, तशा वेळी सरकारने मारलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते. रक्ती हगवणीची मिळत नाही.

एफडी वर्षाला साधारण 14 हजार देते. मुदतीआधी मोडली तर जितका काळ ठेवली त्या काळाचा दर लागतो, वर बहुतेक बँका दंडही कापतात. निवृत्तीनंतर दवाखान्याच्या दारात उभं राहायची वेळ आली तर हेच पैसे उपयोगी पडणार, त्यांची मला जास्त काळजी वाटते. खुराड्याचे 7-8 हजार बचत खात्यातून काढा. पुढे वाढवावंसं वाटलंच, तर पशुपालनासाठी किसान क्रेडिट कार्ड मिळतं का ते बँकेत विचारा. वेळेवर फेड केली तर व्याज 4 टक्क्यांपर्यंत उतरतं. ते जमलं नाही तर एफडीवर कर्ज, पण मोडणं नको.

पुढची खेप मार्चच्या मध्यावर आणा. नाजूक आठवडे एप्रिलच्या कोरड्या दिवसांत निघून जातील. पाऊस लागेपर्यंत पक्षी तीन महिन्यांचे होतील आणि थोडाथोडा संसर्ग झेलून रोगाला तोंड द्यायला तयारही. वजनाला आले की समोर गटारी, गावरानाला भाव मागायचा काळ. त्यानंतर श्रावणात गिऱ्हाईक गळतं, म्हणून तोवर माल हातावेगळा करा. आत्ताची 66 मात्र घाईने काढू नका, 31 डिसेंबरला चांगली जातील.

आणि वहीत प्रत्येक खेपेचं खाद्य, औषध, मर आणि विक्री लिहीत जा. कुक्कुटपालनाचा नफा शेती उत्पन्नात धरत नाहीत, तो धंद्याचं उत्पन्न म्हणून दाखवावा लागतो. मार्चची खेप विकून झाली की वही पाठवा, 300 चा विचार ते आकडे पाहून करू.