सोपा माथा, चार संपर्क : हॅम रेडिओविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहते. फाउंडेशन, म्हणजे हौशी रेडिओचा पहिल्या पायरीचा परवाना नुकताच मिळाला आहे आणि जवळ ५ वॅटची हँडी (हातात मावणारा रेडिओ सेट) आहे. डोंगरमाथ्यावरून रेडिओ संपर्क करून गुण मिळवायच्या ‘समिट्स ऑन द एअर’ म्हणजे सोटा या योजनेत भाग घ्यायचा आहे, पण गुडघ्यांना मोठी चढण झेपत नाही. गाडी वरपर्यंत जाईल असा डोंगर आहे का? गाडीत बसूनच बोललं तर चालतं का?

उत्तर : गाडीतून बोललेलं धरत नाहीत. २ मार्च २००२ रोजी ब्रिटनमध्ये ही योजना सुरू झाली तेव्हापासून तिचा गाभा एकच आहे : सामान स्वतः वाहून न्यायचं आणि शेवटचा टप्पा इंजिनाशिवाय गाठायचा. सायकल चालते. गाडीच्या बॅटरीवर रेडिओ लावणं, गाडीला अँटेना टेकवणं किंवा गाडीला खेटून बसणं चालत नाही. जनरेटर आणि विजेचं कायमचं कनेक्शनही वर्ज्य आहे.

पण ‘माथा’ म्हणजे नेमकं टोकच असं नाही. शिखरापासून उभ्या उंचीत २५ मीटर खालपर्यंतचा सलग पट्टा ग्राह्य धरतात. मध्ये खिंड लागून जमीन त्याखाली गेली, तर पलीकडचा उंचवटा धरत नाहीत. गुडघ्यांसाठी ही सवलत फार मोलाची आहे.

तुमच्यासाठी पहिली निवड वॉलबरी हिल. उंची २९७ मीटर, सोटाच्या यादीत जी/एसई-००१. डोंगर लोहयुगातल्या मातीच्या तटबंदीने वेढलेला आहे. कूम गिबेटच्या बाजूला गाडी लावली की रुंद कच्च्या वाटेने थोडंसंच चालायचं. माथ्याची खूण असलेला सर्वेक्षणाचा त्रिकोणमितीचा खांब वाटेबाजूच्या शेतात आहे. तिथे शिरू नका, त्याची गरजही नाही. वाट २७२ मीटरच्या वर आहे तिथे कडेला उभं राहिलात की काम झालं. दुसरी निवड सरे परगण्यातली लीथ हिल, सुमारे २९४ मीटर. वर अठराव्या शतकातला मनोरा आहे. तिथे जाताना दक्षिणेच्या विंडी गॅपकडून चढू नका. अंतर कमी असलं तरी ती वाट खडी आहे. दोन्ही शिखरांना गुण एकेकच. ते मिळायला किमान चार वेगवेगळ्या स्टेशनांशी संपर्क हवेत आणि एका शिखराचे गुण वर्षातून एकदाच मिळतात. रिपीटरवरून, म्हणजे सिग्नल पुढे पाठवणाऱ्या मधल्या स्टेशनावरून झालेला संपर्क मोजत नाहीत. त्याच माथ्यावर उभ्या असलेल्या मित्राशी बोललात तर तोही नाही.

उंची मोबाइलवर तपासत असाल तर जपून. काही ॲप समुद्रसपाटीपासूनची नव्हे, तर पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची उंची दाखवतात. दक्षिण इंग्लंडमध्ये तो आकडा सुमारे ४५ मीटर जास्त येतो. पट्टाच २५ मीटरचा, त्यामुळे ‘पोचलो’ म्हणून खालीच थांबायची वेळ येते. हेच ॲप पुण्यात उलट ६० मीटरहून अधिक कमी आकडा दाखवेल. म्हणून नकाशावरच्या समोच्च रेषा बघा.

प्रश्न : हँडीसोबत आलेली रबरी अँटेना पुरेल का?

उत्तर : नशीब असेल तर. चार संपर्कांसाठी नशिबावर राहू नये. त्या आखूड अँटेनाला खालच्या बाजूचा ‘दुसरा पाय’ नसतो, ते काम हँडीची बॉडी आणि तुमचा हात कसंबसं करतात. ४९ सेंटिमीटरची मऊ वायर घ्या, तिचं टोक अँटेनाच्या सॉकेटच्या बाहेरच्या धातूला घट्ट बसवा आणि ती खाली लोंबती सोडा. १४५ मेगाहर्ट्झला ही पाव तरंगलांबी होते. एवढ्यानेही समोरच्याला फरक कळतो. त्याहून चांगली म्हणजे चपट्या रिबन केबलची ‘स्लिम जिम’ अँटेना. दीड मीटरच्या आसपास लांब असते, गुंडाळून खिशात राहते, काठीला उभी टांगायची. ती उभीच हवी, कारण एफएमवर सगळे उभ्या अँटेना वापरतात. आडवी धरलीत तर सिग्नलचा मोठा भाग वाया जातो.

आधी एक रिकामी वारंवारता शोधून ठेवा, समजा १४५.४५०. मग १४५.५०० मेगाहर्ट्झ या हाक देण्याच्या ठरलेल्या वारंवारतेवर हाक द्या आणि कोणी उत्तर दिलं की त्या रिकाम्या वारंवारतेवर घेऊन जा. वॉलबरीवरून पन्नास-साठ किलोमीटर सहज जातं. पण ऐकायला माणसं हवीत. आठवड्याच्या मधल्या दुपारी हाका मारून घसा बसेल, शनिवार-रविवारची सकाळ निवडा.

प्रश्न : एफएमवर तीनच संपर्क झाले आणि परत यावं लागलं. एचएफ, म्हणजे लांब पल्ल्याचा लघुलहरी रेडिओ न्यायचा तर कमीत कमी काय लागेल?

उत्तर : ५ वॅटचा छोटा सेट, २० मीटर बँडचा द्विध्रुव (मध्यापासून दोन सारख्या बाजूंची तारेची अँटेना), ६ मीटरची फायबरग्लासची काठी, बॅटरी. पाठीवरची पिशवी पाच किलोच्या आत राहते.

द्विध्रुवाची प्रत्येक बाजू ५ मीटर ३ सेंटिमीटर. कापताना २० सेंटिमीटर जास्त ठेवा आणि दोन्हीकडून सारखं छाटत आणा. मधला भाग काठीच्या टोकाला, दोन्ही टोकं दोरीने खाली ओढून जमिनीपासून मीटरभर वर, म्हणजे उलटा ‘व्ही’. टोक ओल्या गवतात पडलं की जुळणी बिघडते. कार्बनची काठी नको, ती वीज वाहते आणि तारेचं गणित बिघडवते.

काठी बहुतेक वेळा वाऱ्याने दगा देते : सांधा सरकतो आणि सगळी नळकांडी खट्खट् एकात एक बसतात. प्रत्येक सांध्याला चिकटपट्टीचे दोन वेढे द्या. ताण-दोऱ्या काठीच्या खालच्या तिसऱ्या भागावर बांधा. वरच्या बारीक नळीला ताण दिलात तर ती कमानीसारखी वाकून मोडते. मिटताना सांधा अडकला तर ओढू नका, पिळा.

बॅटरीचा हिशोब सोपा आहे. असा सेट बोलताना सुमारे २ अँपिअर घेतो आणि ऐकताना साधारण ०.४५. एक तृतीयांश वेळ बोललात तर तासाला जवळजवळ १ अँपिअर-तास. ४.२ अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी तीन तास निवांत चालते. थंडीत क्षमता घटते, तेव्हा ती जाकिटाच्या आत ठेवा. शून्य अंशाखाली चार्ज मात्र करू नका, त्याने सेल कायमचे खराब होतात.

आवाजासाठी १४.२८५ आणि मोर्ससाठी १४.०६२ मेगाहर्ट्झच्या आसपास लोक शोधत असतात. सोटावॉच या सोटाच्या संकेतस्थळावर स्वतःची वारंवारता टाकलीत की चार संपर्क कित्येकदा दहा मिनिटांत होतात.

प्रश्न : पुण्यात घराच्या गच्चीवर माझी हँडी छान ऐकते. सिंहगडावर नेली की मुकी होते. उंचीवर उलट का?

उत्तर : हँडी बिघडलेली नाही, तिचे कान बधिर झालेत. गडावर दूरदर्शनचा मनोरा आणि इतर प्रक्षेपण अँटेना आहेत. स्वस्त हँडीच्या पुढच्या टप्प्यात चांगली गाळणी नसते, त्यामुळे जवळचा जोरदार सिग्नल आत घुसतो आणि अशक्त सिग्नल दाबला जातो. चांगली अँटेना लावलीत तर त्रास वाढतो. ओळखायची खूण हीच : मोठी अँटेना काढून आखूड लावा. आवाज सुधारला तर दोष बधिरपणाचाच.

उपाय स्वस्त आहे. मनोरा आणि तुम्ही यांच्यामध्ये जमीन येईल असे बसा, दहा-पंधरा मीटर खाली उतरून कड्याच्या आतल्या बाजूला. तटबंदीच्या टोकाला नको. तेवढ्याने भागलं नाही तर १४४–१४६ मेगाहर्ट्झची बँडपास गाळणी लावा, ती तेवढाच पट्टा आत सोडते. इंग्लंडात बोल्टनजवळच्या विंटर हिलवर ३०९ मीटरच्या टीव्ही मनोऱ्याखाली हाच अनुभव येतो. सिंहगडावर मे महिन्यात मात्र दुपारनंतर काठी उभारूच नका. ढग गडगडले की सामान तिथेच टाकून खाली या.

प्रश्न : नोंदीत वेळ कोणती लिहायची?

उत्तर : यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. इंग्लंडात उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे असतं, म्हणजे ११.२० ला झालेला संपर्क १०.२०. हातातल्या एका घड्याळाला यूटीसी लावून ठेवा आणि वहीत शिसपेन्सिलीने लिहा. पावसात बॉलपेन चालत नाही.