नेत्याचा स्वभाव वाचायचाय? आधी एवढंच करा

समजा, एखाद्या नेत्याचं लातूरच्या सभेतलं एक भाषण ऐकून 'माणूस आत्ममग्न आहे' असा शिक्का मारलात, तर इथंच गडबड झाली. सभेतलं भाषण बऱ्याचदा दुसऱ्यानं लिहून दिलेलं असतं. पत्रकारांनी अचानक अडवल्यावरची उत्तरं घ्या. नेत्यांच्या बोलण्यावरून स्वभाव अभ्यासणाऱ्या राजकीय मानसशास्त्रज्ञ मार्गारेट हरमन यांची पद्धत अशाच उत्स्फूर्त बोलण्यावर भर देते. 'मी' किती वेळा आलं, 'कदाचित' जास्त की 'नक्कीच', हे वहीत मोजा. कंटाळवाणं आहे, पण हात इथंच बसतो.

एका प्रसंगावर जाऊ नका. शंकरराव चव्हाणांना लोक 'हेडमास्तर' म्हणत. ती शिस्त स्वभावाची की खुर्चीची? वेगवेगळ्या पदांवरचं वागणं शेजारी मांडल्याशिवाय सांगता येत नाही.

रोगांची नावं तर चिकटवूच नका! १९६४ साली अमेरिकेत एका मासिकानं अध्यक्षपदाचे उमेदवार गोल्डवॉटर यांच्याबद्दल मनोविकारतज्ज्ञांची मतं छापली, प्रकरण कोर्टात गेलं. १९७३ मध्ये तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं नियमच केला: स्वतः न तपासलेल्या माणसाचं निदान जाहीर करायचं नाही.

'बिग फाइव्ह'चे, म्हणजे स्वभावाच्या पाच मुख्य पैलूंचे, गुणांक वगैरे नंतर बघू. सरावासाठी पहिला नेता मात्र आवडता नको, नावडताही नको. आजोबांच्या काळातला एखादा निवडा, डोकं थंड राहतं.