डोंगरातल्या तळ्याकाठी, काहीच सोय नसलेल्या जागी घोड्यांसह मुक्काम करायचा आहे. तंबू कुठला घ्यावा, आणि रात्री घोडे कसे बांधावेत?

दोन माणसं, दोन घोडे, दोन रात्री. नळ नाही, वीज नाही, कुंपण नाही, फक्त खड्ड्याचा एक संडास आणि समोर तळं, असं तुम्ही लिहिलंय. आणि निम्मा प्रश्न तंबूवर खर्च केलाय! तंबू कुठलाही घ्या. माणसाची रात्र वाईट गेली तर सकाळी पाठ दुखते, घोड्याची वाईट गेली तर सकाळी घोडाच जागेवर नसतो.

माझ्या पहिल्या मुक्कामाला मी घोडीला सरळ एका झाडाला बांधलं. चरता यावं म्हणून दोर चांगला ऐसपैस सोडला. ही दया नडली. रात्री दोनच्या सुमारास फांदी करकरल्याचा आवाज आला. टॉर्च मारला तर मागचा पाय दोरात अडकलेला, आणि घोडी थरथरत उभी. तिने फार ओढाताण केली नव्हती, तरी खुराच्या वरच्या खोबणीतली कातडी भाजल्यासारखी सोलली होती. सकाळी तिच्या पाठीवर बसायचा प्रश्नच नव्हता. मोरकी, म्हणजे तोंडावर चढवलेली दोरी, धरून सगळी वाट पायी उतरलो. झाडाचेही हाल झाले होते. टापा मारून मारून तिने मुळं उघडी पाडली होती, आणि तोंड पोचेल तिथवरची साल कुरतडली होती.

तेव्हापासून मी आडवा दोर लावतो. दोन भक्कम, जिवंत झाडं निवडायची आणि त्यांच्यामध्ये सव्वादोन मीटर उंचीवर, म्हणजे घोड्याच्या डोक्याच्या वर, दोर ताणायचा. झाडाला दोर थेट गुंडाळायचा नाही. आधी निदान पाच सेंटीमीटर रुंद पट्टा आणि त्याच्या कडीत दोर, नाहीतर दोर सालीत रुततो, आणि साल गोल कापली गेली की झाड वाळतं. दोर अंगातला सगळा जोर लावून ताणा, कारण रात्रीतून तो सैल पडतोच. प्रत्येक घोड्यासाठी दोरात न सरकणारी कडी हवी. दोन घोड्यांत तीन-चार मीटर अंतर ठेवा, आणि टोकाचा घोडा झाडाभोवती फिरू शकणार नाही एवढा लांब राहू द्या.

सगळी मेख आहे ती मोरकीच्या दोराच्या लांबीत. मान खाली घालून वैरण खाता आली पाहिजे, पण मान वर असताना दोराचा झोळ गुडघ्याच्या वरच राहिला पाहिजे. बांधून झालं की घोड्याची मान स्वतः खाली-वर करून बघा. गाठ एका हिसक्यात सुटणारी मारा आणि चाकू खिशात ठेवा, सामानात नको.

जागा कुठली? पाण्यापासून निदान साठ मीटर लांब, म्हणजे ऐंशीएक पावलं. कोरडी, कडक, शक्यतो खडकाळ जमीन. तळ्याकाठची हिरवळ भुरळ घालते, पण तिथली माती ओली असते. चारशे-साडेचारशे किलोंचं जनावर चार खुरांवर तिथे रात्रभर उभं राहिलं तर सकाळी चिखल उरतो, आणि उंचावर गवत पुन्हा धरायला कित्येक वर्षं लागतात. आणखी एक गोष्ट मला एका जुन्या वाटाड्याने सांगितली: सुटलेला घोडा आल्या वाटेनेच परत जातो. म्हणून तुमचा तंबू घोडे आणि परतीची वाट यांच्या मधोमध लावा. निदान जाताना त्याच्या टापा तरी ऐकू येतील.

चरायला सोडायचं तर पायबंद. महागाईला पायबंद घालायची भाषा आपण रोज ऐकतो, पण खरा पायबंद बघितलेले कमी. पुढचे दोन पाय जोडणारा पट्टा, एवढंच. तो घातला म्हणजे घोडा अडला असं समजू नका; शहाणा घोडा दोन्ही पाय एकदम उचलून उड्या मारत जातो, आणि माणसापेक्षा वेगाने जातो. दोघांना एकाच वेळी कधीही सोडू नका. दोघांत मोठेपणा कोण करतो ते बघा. त्याला बांधून ठेवा आणि दुसऱ्याला सोडा, तो लांब जाणार नाही. पायबंदाची सवय मात्र आधी घरी, मऊ जमिनीवर, चार-आठ दिवस करून घ्या. डोंगरात पहिल्यांदा घातलात तर घोडा भेदरतो आणि तोंडावर आपटतो.

चरण्यावर भिस्त ठेवू नका. साडेचारशे किलोंच्या घोड्याला दिवसाला वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे नऊएक किलो कोरडी वैरण लागते. तुमच्या दोन घोड्यांची दोन दिवसांची छत्तीस किलो झाली. एवढं गवत पाठीवर मावत नाही, म्हणून बरेच जण वैरणीच्या दाबलेल्या गोळ्या नेतात. त्या भिजवून द्या, कोरड्या घशात अडकतात. आणि नवी वैरण सात ते दहा दिवस आधीपासून थोडी थोडी जुन्यात मिसळत आणा. एकदम बदललीत तर पोटशूळ उठतो, आणि तिथे डॉक्टर नाही. काही राखीव क्षेत्रांत तणाचं बी नसलेलीच वैरण चालते. कारण साधं आहे, लिदीतून पडलेलं बी तिथेच रुजतं. घोडे चालतात का हे विचारताना हेही विचारून घ्या, आणि ट्रेलर वळवायला जागा आहे का तेही.

पाणी दिवसाला एका घोड्याला पंचवीस ते पंचेचाळीस लिटर. तळं समोर आहे म्हणून हा प्रश्न सुटला असं मला वाटलं होतं. घोडी काठावर आली, कान ताठ, मान लांब. ओठांनी पाणी नुसतं हलवलं, फुरफुरली आणि मागे सरली. दिवसभर चढ चढून घामाचं मीठ अंगावर वाळलेलं, तरी तीनदा तेच. शेवटी तिची नेहमीची बादली काढली आणि त्याच तळ्याचं पाणी भरून पुढे ठेवलं. एका दमात अर्धी बादली संपवली. प्रत्येक घोटाला घोड्याचा कान मागे-पुढे हलतो. त्या संध्याकाळी मी कान मोजत उभा होतो. तेव्हा ओळखीची बादली न्याच. थेट पाजायचं तर खडकाळ काठावरून, दलदलीतून नको. पाण्यावर निळसर-हिरवी साय दिसली तर अजिबात नको, ती विषारी असू शकते. तुमचं पाणी खळखळून एक मिनिट उकळा, दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं.

थंडीचं फार मनावर घेऊ नका. अंग कोरडं असेल तर घोडा गारठा सोसतो. पाऊस आणि वारा एकत्र आले की मात्र झूल लागते. रात्री भरपूर वैरण टाका, ती पोटात आंबताना ऊब देते.

निघण्यापूर्वी प्रत्येक घोड्याची शांत असतानाची नाडी आणि ताप लिहून ठेवा. नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४, ताप ३७.२ ते ३८.३ सेल्सिअस. घोडा कुशीकडे वळून बघायला लागला, जमीन उकरायला लागला, खाणं सोडलं, की मोजून ताडून बघता येतं आणि फोनवर डॉक्टरला आकडा सांगता येतो. घोडा का अडला, भाकरी का करपली, या जुन्या कोड्याचं उत्तर इथेही तेच: रात्रभर बांधलेल्या घोड्याला सकाळी आधी फिरवा, खोगीर नंतर.

खोगीर आणि तंग, म्हणजे खोगिराचा पोटपट्टा, रात्री उंच टांगा, घामाच्या मिठासाठी उंदीर-घुशी चामडं कुरतडतात. निघताना लीद विस्कटून पसरा, उकरलेले खड्डे बुजवा.

आणि हे सगळं आधी एकदा घराजवळ करून बघा. पूर्ण एक रात्र, आडव्या दोरासकट. जे बिनसायचं ते तिथे बिनसू दे.

तंबूचं राहिलंच. दोर दिसेल एवढ्या अंतरावर, दार घोड्यांकडे करून लावा. मध्यरात्री जाग आली की मी आधी कान देतो. धप्प करून लीद पडल्याचा आवाज आला की पोट चालू आहे, मी कूस बदलून झोपतो.